रुतलेले पाऊल

बोईसर म्हटले की कारखाने आणि तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र, एवढीच आम्हां मुंबईकरांची या मुलखाशी ओळख. पण बोईसरजवळच्या कुंभवलीला मामेबहिणीकडे दोन दिवस सहकुटुंब राहिलो आणि वीस वर्षे वर्गात शिकवलेल्या एका शब्दाचा अर्थ मला तिकडे कळला. शब्द अगदी साधा : ‘रुतणे’.

संध्याकाळी मुलाला घेऊन पश्चिमेला खाडीच्या मुखाशी गेलो. अमावास्येची ओहोटी; पाणी पार दूर हटलेले. वाळू कशी सारवलेल्या अंगणासारखी! दहा पावले गेलो नाही तोच उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. तो उपसायला डाव्यावर भार दिला, तर डावाही गेला. मुलगा काठावरून पाहत होता. हाक मारायची लाज वाटली. हितोपदेशातला तो वाटसरू सोन्याच्या कंकणाच्या लोभाने चिखलात रुतला. मला लोभ होता तो अब्रूचा! त्यापायी दहा मिनिटे गेली आणि दूरवरचे पाणी वळले.

शेवटी ओरडलो. तिसऱ्या वेचून परतणारी एक म्हातारी थांबली. “भाऊ, पाय ओढू नका. मागं रेला. पाय हळूहळू हलवा, पाणी शिरू द्या आत.” तसे केले, आणि इंचाइंचाने सुटलो.

पुढे वाचले, की २००५ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी हेच प्रयोगाने दाखवले. अशा वाळूची घनता माणसाच्या सुमारे दुप्पट. तेव्हा माणूस कमरेखाली फारसा जातच नाही. मात्र पाय झटक्याने उपसायचा तर मोटार उचलण्याइतका जोर लागतो. जीव घेते ती वाळू नव्हे, मागून येणारी भरती.

परतताना मुलाने विचारले, “बाबा, आधीच का नाही हाक मारलीत?”

मी गप्प झालो. वर्षापूर्वी एका मित्राला जामीन राहिलो होतो. त्याचे हप्ते थकले, नोटिसा मला येऊ लागल्या. घरी चकार शब्द काढला नव्हता. एक कर्ज फेडायला दुसरे काढत होतो. एक पाय उपसताना दुसरा रुतत होता.

त्या रात्री कुंभवलीच्या ओटीवर पत्नीला सारे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “उद्या हिशेबाची वही काढू.”

कर्ज अजून फिटायचे आहे. पण हाक मारून झाली आहे.