जिते : भंगारातून उभी राहिलेली हत्यारे

पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसले, की आपटा मागे पडते आणि जिते येते. पुढे हमरापूर, मग पेण. पेण तालुक्यातले हे गाव रेल्वेच्या आणि मुंबई-गोवा महामार्गाच्याही वाटेवर आहे. शेजारचा हमरापूर-जोहे परिसर गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात तिथे रंगाचे कॉम्प्रेसर, पंखे, दिवे सतत चालतात आणि बिघडतातही. दुरुस्ती जाणणाऱ्या हाताला अशा मुलखात काम मिळते. अडचण असते ती हत्यारांची.

जित्यातील एका तरुणाने ही अडचण पडवीतच सोडवली आहे. मीटर घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्याने आधी सिरीज बोर्ड केला. लाकडी फळी, जुना होल्डर, एक सॉकेट आणि १०० वॅटचा तारेचा बल्ब. बल्बमधून गेलेली वीजच पुढे बिघडलेल्या वस्तूला मिळते. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद पेटला तर वीज वस्तूतून जाते आहे. पेटलाच नाही तर कुठेतरी तार तुटली आहे. शेजाऱ्याचा मिक्सर थेट लावून फ्यूज उडवण्याची वेळ येत नाही. मात्र इथे एलईडी बल्ब चालत नाही, जुना पिवळा बल्बच हवा.

दुसरे हत्यार बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरचे. त्यातला १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कंडेन्सर जोडला, की डीसी वीज मिळते. भार नसताना ती १२ नव्हे, १५-१६ व्होल्ट भरते, कारण कंडेन्सर लाटेच्या शिखरापर्यंत चार्ज होतो. म्हणून कंडेन्सर २५ व्होल्टचा घ्यायचा आणि स्थिर १२ व्होल्ट हवे असतील तर ७८१२ हा रेग्युलेटर लावायचा. नवा पार्ट लागलाच तर मुंबईचे लॅमिंग्टन रोड आहेच.

पहिल्या कमाईतून त्याने मीटर घेतला. सिरीज बोर्ड मात्र अजून भिंतीवर आहे.

पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करत शिकण्याच्या याच विचारावर. शाळेत मागे पडलेला मुलगा कामात मागे असतोच असे नाही.

वाचकहो, आपल्या मुलांना भंगार उघडू द्या, पण चार गोष्टी बजावून सांगा. बल्ब मंद असला तरी वस्तूत वीज असते. प्लग काढल्याशिवाय हात लावू नये. जुन्या टीव्हीचा कंडेन्सर बंद असतानाही झटका देतो. फुगलेली मोबाईलची बॅटरी उघडू नये. तांब्यासाठी तारा जाळू नयेत, तो धूर विषारी असतो. चार पैशांच्या तांब्यापेक्षा पोराची छाती मोलाची. हत्यार घरी घडवता येते. जीव मात्र दुसरा मिळत नाही.