धक्का मारणारं एन्झाइम

आमची मावशी तोंड धुताना पडली. चेहऱ्यावर साबण, डोळे मिटलेले, आणि तोल गेला. पायांना मुंग्या तर कधीपासून येत होत्या. चालताना चप्पल निसटली तरी तिला पत्ता नसे. वयाचं दुखणं म्हणून सगळं अंगावर काढणं चाललं होतं.

न्यूरॉलॉजिस्टांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्यावर टेकवला.

"थरथर जाणवते?"

"बंद केलात ना?" मावशीने विचारलं. फोर्क थरथरतच होता.

हिमोग्लोबिन ठीक होतं, म्हणून तोवर बी ट्वेल्व कुणी तपासलंच नव्हतं. जन्मभराचा शाकाहार, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, आणि वर रक्तवाढीची म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी. या गोळीने रक्ताचा अहवाल सुधारतो, मज्जातंतूंची झीज मात्र आतल्या आत चालू राहते.

बी ट्वेल्वची लालभडक इंजेक्शनं सुरू झाली. पण मावशी रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका. हे असं का होतं ते समजल्याशिवाय तिला चैन पडेना. बी ट्वेल्वच्या, म्हणजे कोबालमिनच्या, मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो. मेथिओनिन सिंथेज या एन्झाइममध्ये तो फोलेटकडून मिथाइल गट घेतो आणि होमोसिस्टीनला देतो. त्यातून मेथिओनिन तयार होतं. या कामात कोबाल्ट इतका उतावळा असतो की शेकडो फेऱ्यांत एखाद्या वेळी इलेक्ट्रॉन गमावून बसतो आणि काम ठप्प होतं. मग बंद पडलेल्या गाडीला धक्का मारावा तसं मेथिओनिन सिंथेज रिडक्टेज मदतीला येतं. एनएडीपीएचचा इलेक्ट्रॉन एफएडी, एफएमएन असा हातोहात कोबाल्टपर्यंत पोचवतं. त्याचं जनुक 1998 मध्ये सापडलं. ते जन्मतः बिघडलेलं असेल तर तान्ह्या वयातच ॲनिमिया होतो आणि वाढ खुंटते.

"धक्का मारणारा धडधाकट आहे हो, पण गाडीच नाही!" स्वतःच्या आजाराचं मावशीने केलेलं हे निदान.

अशी ती एकटीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या गर्भवती तपासल्या, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणींत बी ट्वेल्व कमी निघालं.

पुढे गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने भूलतज्ज्ञांना आपणहून सगळं सांगितलं. भुलीतला नायट्रस ऑक्साइड याच कोबाल्टवर घाला घालतो. 1956 मध्ये कोपनहेगनला धनुर्वाताच्या रुग्णांना तो दिवसेंदिवस दिला गेला आणि त्यांच्या अस्थिमज्जेचं काम मंदावलं.

शाकाहारी असाल, मेटफॉर्मिन चालू असेल आणि पायांना मुंग्या येत असतील, तर नुसत्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. बी ट्वेल्व तपासून घ्या, आणि त्याआधी फॉलिक ॲसिड मनाने सुरू करू नका.