आंदळकरांचे मूल्यमापन
आपल्याकडे पैलवानाविषयी लिहायचे म्हणजे गौरवपर लिहायचे, अशी रीत आहे. कोल्हापुरात वाढताना मीही मोतीबाग तालमीतल्या गणपतराव आंदळकरांविषयी मुख्यतः एवढेच ऐकले, की ते १९६० चे हिंदकेसरी. पण त्यांची बलस्थाने आणि मर्यादा शोधायच्या, तर १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेपासून सुरुवात करावी असे मला वाटते. तेथे सर्वांत वजनदार गटात त्यांना ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळाले. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही; आपल्या लाल मातीत ती चालते. म्हणजे मातीहून अधिक वेगळ्या असलेल्या प्रकारात त्यांचे यश मोठे! छाती, खांदे आणि हातांची पकड हेच त्यांचे खरे बळ असावे, असे मी यावरून समजतो.

मर्यादेचे काय? मातीत निकाल चीतपटीने लागतो. मॅटवर घड्याळ आणि गुणही मोजावे लागतात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधून आंदळकर पदकाविना परतले. ही उणीव एकट्या मल्लाची, की त्याला मातीतच घडवणाऱ्या परंपरेचीही? मला दुसरे उत्तर अधिक पटते. २०१८ मध्ये आंदळकर गेले. थोर लेखकाइतकाच थोर मल्लही डोळस समीक्षेचा हक्कदार असतो. निव्वळ स्तुतीत त्याची कुस्ती दिसेनाशी होते.