नातेवाईक कोण होणार?

बोकडाच्या बरगड्या सकाळीच खाटकाकडून आल्या होत्या. छातीत नळी घालण्याचा सराव त्यांच्यावर. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून आत जायचं, कारण रक्तवाहिन्या आणि नस वरच्या बरगडीच्या पोटाखालून जातात. एवढं एमबीबीएसपासून पाठ होतं. पण फोर्सेप आतला पडदा फोडून जाते तेव्हा मनगटाला जो हिसका बसतो, तो पुस्तकात कुठला असायला? रबरी पुतळ्यावरही तो नीट कळत नाही.

पुतळ्याकडून शिकायचा तो क्रम. पाय मोडून लोंबकळत असला तरी आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्तस्राव, असा तेव्हाचा क्रम. एका बाजूची छाती हवेनं कोंडली, गळ्याच्या शिरा फुगल्या, रक्तदाब ७० वर आला, की एक्स-रेची वाट बघायची नाही; हवा सोडायला सुई. मोठ्या माणसात ती समोरून, बरगड्यांमधल्या दुसऱ्या जागेत घालायची, असं आम्ही शिकलो होतो. कोर्सच्या पुस्तकाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीनं ती चौथ्या-पाचव्या जागेत, काखेच्या मध्यरेषेच्या जरा पुढे आणली.

हा एटीएलएस, म्हणजे अपघातातल्या जखमींवर पहिले उपचार शिकवणारा कोर्स, जन्मला तोच खेड्यातल्या रुग्णालयामुळे. १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कातल्या शेतात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाचं विमान पडलं. ते स्वतःच चालवत होते. पत्नी जागीच गेली, मुलं जबर जखमी. जवळच्या छोट्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून ते हादरले, आणि १९७८ मध्ये नेब्रास्कातच पहिला कोर्स झाला.

म्हणूनच असेल, पुतळ्यावरचा प्रसंग सुरू होण्याआधी आमच्या तुकडीतल्या ग्रामीण रुग्णालयाच्या मॅडमनी विचारलं, "सर, नातेवाईक कोण होणार?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. "आमच्याकडे पेशंटबरोबर जीपभर माणसं येतात. आधी त्यांना आवरावं लागतं."

सरांनी आम्हा तिघांना नातेवाईक केलं. मी चुलता झालो आणि मनापासून ओरडलो, "अहो, आधी पायाचं बघा!" मॅडमचा हात पुतळ्याच्या छातीवरून हलला नाही. "काका, श्वास अडकलाय, तो आधी. तुम्ही रक्त देणाऱ्यांची नावं लिहून आणा. तुम्ही दोघं दारात थांबा, कुणाला आत सोडू नका." बोलता बोलता सुई आत गेलीसुद्धा.

गुणांच्या तक्त्यात याला रकाना नव्हता. मला तो असायला हवा असं वाटतं. दुपारनंतर मात्र प्रत्येक प्रसंगात नातेवाईक होते, आणि ते दर वेळी आधीच्यांपेक्षा वाईट वागत होते.