पुडीच्या मागची अक्षरे

सकाळचे साडेदहा वाजले, की सांगलीच्या वखारभागातील त्या घरात मिक्सर, पंखा आणि रेडिओ असे तिन्ही आवाज एकदम थांबतात. ओट्यावर पिठाचे दोन डबे एकावर एक रचले जातात आणि त्यांना टेकवून मोबाइल उभा केला जातो. खिडकीतून येणारा उजेड ताटावर नीट पडतो की नाही, हे काकू दोनदा वाकून पाहतात, पदराने कपाळ टिपतात आणि मग बोलू लागतात. गल्लीत त्यांना सगळे काकूच म्हणतात. व्हिडिओ पाहणारेही आता तेच म्हणतात. हे ‘आता’ यायला मात्र तीन वर्षे लागली.

सुरुवात एका वड्याने झाली. २०२२ च्या पावसाळ्यात कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने सहज म्हणून पाऊण मिनिटाचे एक चित्रण केले. काकू उकडलेले कच्चे केळे कुस्करीत आहेत, त्यात आले न घालता मिरची, जिरे आणि कोथिंबीर घालीत आहेत, आणि कढईत वडे फुगत आहेत, एवढेच त्यात होते. कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांत बटाट्याच्या जागी केळे येते, यात नवल ते काय? पण ज्यांनी ते कधी पाहिले नव्हते त्यांना नवल वाटले. कुणी कौतुक केले, कुणी ‘हा कसला वडा’ म्हणून टर उडवली, आणि त्या वादावादीतच आकडा दोन दिवसांत लाखापुढे गेला. काकांनी दुकानात पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात काकूंनी मोठ्या उमेदीने तोंडल्याच्या भाजीचा व्हिडिओ टाकला. तो एकशे त्र्याऐंशी जणांनी पाहिला, आणि त्यांतले निम्मे नात्यातलेच होते.

हा घाव काकूंच्या जिव्हारी लागला. एवढी माणसे आली होती, ती गेली कुठे? वास्तविक ती आलीच नव्हती. बोटाने पडदा वर सरकवीत जाणाऱ्याच्या डोळ्यांपुढून एक वडा गेला, एवढेच घडले होते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स येथे आणले, आणि तेव्हापासून आखूड चित्रफितींचा हा ओढा अखंड वाहतो आहे. त्यात पाहणारा काही निवडत नाही. यंत्र वाढते आणि तो पाहतो. पुढे ३१ मार्च २०२५ पासून तर शॉर्ट नुसता सुरू झाला तरी तो ‘पाहिला’ असे यूट्यूब मोजू लागले. दारावरून गेलेला प्रत्येक जण पाहुणा म्हणून लिहून ठेवावा, तसाच हा हिशोब.

काकांचे हळदीचे दुकान आहे. त्यांनी यावर एकच वाक्य उच्चारले : “पेठेत गर्दी रोजच असते, वहीत नाव किती जणांचे आहे ते बघ.” काकूंना त्या वेळी हे बोलणे खोचक वाटले.

मग नको ते प्रयोग झाले. गाजलेल्या गाण्यांचे तुकडे मागे लावून झाले, प्रत्येक पदार्थाला ‘चमत्कारिक’ आणि ‘गुपित’ ही विशेषणे चिकटवून झाली. एका तरुणाने ठरावीक रकमेत पाच हजार अनुयायी मिळवून देण्याचे कबूल केले, आणि काकूंनी भिशीतले पैसे त्याच्या हवाली केले. अनुयायी आले, पण त्यांना चेहरे नव्हते, नावे धड उच्चारता येत नव्हती, आणि त्यांतल्या एकानेही कधी भाजी पाहिली नाही. काही महिन्यांत त्यांतले बरेचसे आपोआप नाहीसे झाले, कारण अशी खोटी खाती यूट्यूब वेळोवेळी झाडून काढते. काकांना ही गोष्ट आजतागायत सांगितलेली नाही, असे काकूंना वाटते.

वळण आणले ते लेकीने. ती बंगळुरूला नोकरीस असते. दिवाळीला घरी आली असता तिने आईला वाहिनीच्या हिशोबाची पाने उघडून दाखवली. प्रेक्षक किती वेळ टिकला याची एक रेघ तिथे असते. काकूंची रेघ पहिल्या पंधरा सेकंदांतच कड्यावरून कोसळल्यासारखी खाली आली होती. कारण त्या पंधरा सेकंदांत फुलांची नक्षी, बासरी आणि ‘नमस्कार मंडळी, आपले सहर्ष स्वागत’ याखेरीज काहीच नव्हते. दुसऱ्या पानावर नवे प्रेक्षक आणि पुन्हा आलेले प्रेक्षक यांच्या दोन वेगळ्या रेघा होत्या. दुसरी रेघ जमिनीलाच चिकटलेली. लेक म्हणाली, “आई, तू वरची रेघ बघतेस. खालची बघ.”

आणि तिने दोन अमेरिकन भावांची गोष्ट सांगितली. मोंटाना राज्यातील मिझूला गावी राहणारा हँक ग्रीन आणि त्याचा थोरला भाऊ, कादंबरीकार जॉन ग्रीन, यांनी १ जानेवारी २००७ पासून वर्षभर एकमेकांना लिखित संदेश पाठवायचा नाही असे ठरवले. कामाच्या दिवशी आळीपाळीने एकेक व्हिडिओ करून त्यातूनच बोलायचे. प्रत्येक व्हिडिओ दुसऱ्या भावाला हाक मारून सुरू होई. नियम मोडला तर शिक्षा भोगावी लागे. त्या जुलैत हँकने हॅरी पॉटरच्या शेवटच्या पुस्तकाची वाट पाहणारे एक गाणे रचले, ते यूट्यूबच्या पहिल्या पानावर झळकले आणि लोंढा आला. असे लोंढे अनेकांकडे येतात आणि ओसरतात. इथे मात्र आलेल्यांना सहा महिने चाललेले एक घरगुती संभाषण सापडले. त्यात जुने विनोद होते, अर्धवट राहिलेली भांडणे होती, उद्याचा व्हिडिओ कोणाचा हे ठरलेले होते. पुष्कळ जण थांबले. त्यांनी स्वतःला ‘नर्डफायटर’ असे नाव घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरात धर्मादाय संस्थांसाठी व्हिडिओंची मोहीम चालवली. ती पुढे दरवर्षी चालू राहिली.

हा पसारा कुठवर गेला, हे आपल्याकडच्या वाचकाने लक्षात घेण्याजोगे आहे. बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या पेटंटची मुदत वाढू नये म्हणून मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या क्षयातून बऱ्या झालेल्या दोघींनी भारतात हरकत नोंदवली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती वाढ नाकारली. त्याच जुलैत जॉन ग्रीनने याच औषधाविषयी कंपनीला उद्देशून व्हिडिओ केला, तेव्हा त्याचे हजारो प्रेक्षक नुसते हळहळून थांबले नाहीत. त्यांनी पत्रे आणि संदेश पाठवून पाठपुरावा केला. खरी झुंज त्या दोघींची आणि त्यांच्यासारख्या अनेकांची होती, हे खरे. तरी पंधरा-सोळा वर्षे रोजचे बोलणे ऐकत आलेला माणूस हाक मारताच उठतो, एवढे त्यातून दिसले.

काकूंनी यातले औषध-पेटंट बाजूला ठेवले आणि हाक तेवढी उचलली. दुसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत नमस्कार नव्हता, बासरी नव्हती. “अगं, तुझ्या त्या एका शेगडीवर धिरडे चिकटते म्हणालीस ना,” अशी सुरुवात झाली. बोलणे बंगळुरूच्या लेकीशी होते. पण एक शेगडी, जुना तवा आणि घरापासून दूर असलेली लेक ही एकाच घरची गोष्ट थोडीच असते? खाली हुबळीहून एका नव्या सुनेने लिहिले, की माझाही तवा असाच आहे. काकूंनी तिला उत्तर दिले आणि तिचा प्रश्न जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर टिपून ठेवला. पुढचा व्हिडिओ तव्यावरच झाला.

वेळही ठरली. दिवस मावळण्यापूर्वी जेवणाऱ्या घरांना स्वयंपाकाला अवधी हवा, म्हणून बरोबर चार वाजता. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको, म्हणून आदल्या दिवशी पंचांग पाहून मूग, हरभऱ्याची डाळ, शेवया यांतले काही. दुबईची एक बाई रोज पाहते, तिच्याकडे तेव्हा अडीच वाजलेले असतात. निपाणीच्या एक वृद्ध शिक्षिका चार वाजून पाच मिनिटांनी ‘पाहिले’ एवढा एकच शब्द लिहितात. एकदा तीन दिवस तो शब्द आला नाही, तर खाली चार जणींनी त्यांची चौकशी केली. आकडा लाखांत नव्हता. हजारांत होता, तोही लहान हजारांत. पण खालची रेघ हळूहळू वर चढत होती.

मध्यंतरी काकूंना ‘आपली आजी’ या वाहिनीचे फार आकर्षण वाटे. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ती सुरू केली आणि थोड्याच महिन्यांत लाखो लोक त्यांच्या भाज्या शिकू लागले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कुणी भामट्याने ती वाहिनी बळकावली. आजींचा जीव कासावीस झाला. काही दिवसांनी ती परत मिळाली. हे कळल्यावर काकूंनी आपल्या खात्याला लेकीकडून दुहेरी कुलूप लावून घेतले. चोर बाहेरूनच येतो, अशी तेव्हा त्यांची समजूत होती.

गेल्या वर्षी आषाढात एका मसाल्याच्या कंपनीचा माणूस घरी आला. एका व्हिडिओत त्यांचा मसाला वापरायचा आणि चार चांगले शब्द बोलायचे. मोबदला अठरा हजार. स्वयंपाकघराचे छप्पर गळत होते आणि गवंड्याने जवळजवळ तेवढाच आकडा सांगितला होता. पुडीवर हिरवा ठिपका होता, वास चांगला होता. काकूंनी आमटीत तो घातला आणि “मी घरी हाच वापरते” असे म्हटले. ते खरे नव्हते. पैसे घेतले आहेत, हेही त्यांनी सांगितले नाही. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्येच अशा व्हिडिओवर जाहिरात असल्याची स्पष्ट खूण असावी असा नियम केला आहे, आणि ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी शिफारस केल्यास दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, ही माहिती त्यांना नंतर लेकीने रागाने दिली.

व्हिडिओ चारला गेला. चार वाजून पाच मिनिटांनी निपाणीहून ‘पाहिले’ आले नाही. साडेपाचला एक वाक्य आले : “काकू, पुडीच्या मागचे वाचलेत का?”

काकूंनी चष्मा लावला, मग काकांचे भिंग आणले. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. धने, मिरची, मीठ यांच्या खाली, सातव्या जागी, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लसणाची पूड होती. हिरवा ठिपका शाकाहाराचा असतो; लसणाशी त्याला कर्तव्य नसते, हे काकूंना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी पाहिलेच नव्हते. तोवर हुबळीच्या त्या सुनेने दुकानातून पुडी आणून आमटी केली होती आणि चाळीस वर्षे नियम पाळणाऱ्या सासूबाईंना वाढलीही होती.

लेकीचे म्हणणे पडले, की व्हिडिओ गुपचूप काढून टाकावा. भाचीचे म्हणणे, की खाली दोन ओळींचा खुलासा लिहावा. काकू रात्रभर जाग्या होत्या. सकाळी त्यांनी मोबाइल डब्यांना टेकवला आणि या वेळी प्रथमच लेकीला हाक न मारता हुबळीच्या सुनेला मारली. पुडी उलटी धरून सातवे नाव मोठ्याने वाचले. अठरा हजार घेतले, तेही सांगितले. हा मसाला घरी कधी आणला नव्हता, तेही. मग हात जोडले आणि त्या सासूबाईंची क्षमा मागितली. एकूण दोन मिनिटे दहा सेकंद. आमटी नव्हती, काही नव्हते.

कंपनीने पैसे परत मागितले. करारात ती अट होती. छप्पर तर झाले होते. काकांनी गल्ल्यातून नोटा मोजून दिल्या आणि उधारीच्या वहीत नवे पान उघडून वर काकूंचे नाव घातले. त्याच्या खाली, आधीची तारीख घालून, भिशीची रक्कमही लिहिली.

त्या आठवड्यात चारशेंहून अधिक जण वाहिनी सोडून गेले. काहींनी फार कडवट लिहिले आणि ते काढून टाकण्याचा भाचीचा आग्रह काकूंनी मानला नाही. हुबळीहून महिनाभर काहीच आले नाही. निपाणीच्या बाई मात्र दुसऱ्याच दिवशी चार वाजून पाच मिनिटांनी आल्या, पण त्यांनी ‘पाहिले’ लिहिले नाही, ‘ऐकले’ लिहिले.

भाद्रपदात एका दुपारी हुबळीचा प्रश्न आला. सासूबाई विचारतात, घरीच मसाला कुटायचा तर धने किती भाजायचे? काकूंनी तो दिनदर्शिकेच्या पाठीवर टिपला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पंखा बंद झाला, धन्यांचे पातेले उजेडात सरकले आणि काकूंनी सुरुवात केली, “अगं, आधी धने निवडून घे, त्यात काड्या फार असतात.”