थरथर

अम्मीने भाईजानच्या पिकअपमध्ये बसायचे नाकारले, तेव्हा आम्ही दोघे भाऊ हसलो होतो. महिन्यातून एकदा तिला लातूरला डॉक्टरकडे न्यावे लागते. किल्लारीहून चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. त्या दिवशी लामजना पाटी मागे पडली, रिकाम्या गाडीने वेग धरला आणि अम्मीने समोर दोन्ही हात घट्ट टेकले. म्हणाली, "गाडी कांप रई रे बाबा. रोक. मेरेकू उतरना है." पुढचा प्रवास तिने एस.टी.ने केला.

तिच्या वयावर आणि जुन्या भीतीवर आम्ही ते ढकलून दिले. भीती जुनीच होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गाव गाढ झोपेत. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद खाली आले. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे ढिगाऱ्याखाली गेली. माझी धाकटी बहीण त्यातच गेली. मी चार वर्षांचा होतो, मला फक्त धूळ आठवते. अम्मीला सगळे आठवते. ती सांगते, वर्षभर आधी, १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत जमीन अधूनमधून हलायची, फळीवरची भांडी वाजायची. १८ ऑक्टोबरचा धक्का तर चांगलाच मोठा होता. पुढे सारे शांत झाले आणि लोक आपापल्या कामाला लागले. अम्मी मात्र तेव्हापासून पायाखालचे ऐकत आली आहे.

भाईजान म्हणायचा, थरथर आहे, पण थोडीच आहे. तो आडत बाजारात सोयाबीन घेऊन जातो, म्हणजे भरल्या गाडीने. तरी चार महिन्यांत आम्ही काय काय केले! चाकांचे बॅलन्सिंग झाले, अलाइनमेंट झाले, मागचे दोन टायर नवे घातले, क्लच प्लेट बदलली. बँकेचा हप्ता एकदा चुकला. थरथर जागच्या जागी. जो मेकॅनिक भेटे त्याला आम्ही मनातून चोर ठरवत होतो.

शेवटी लातूरला एका म्हाताऱ्या उस्तादकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चलाव." पंचावन्न-साठच्या वेगाला थरथर सुरू झाली. त्यांनी भाईजानला गिअर बदलून तोच वेग ठेवायला सांगितला. इंजिनाचा आवाज बदलला, थरथर बदलली नाही. मग न्यूट्रल करून गाडी नुसती धावू दिली. थरथर होतीच. "इंजन का काम नै, क्लच का बी नै," ते म्हणाले. स्टिअरिंग स्थिर होते, सीट मात्र कापत होती; म्हणजे पुढच्या चाकांचा दोष नाही. मागची चाके पुढे घालून पाहिली, फरक पडला नाही. उरला तो गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट.

मी गप्प झालो. बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवतात. मूल भागाकार चुकते म्हणून भागाकारच घोटून घ्यायचा नसतो. ते वजाबाकीत अडले आहे की पाढ्यांत, हे आधी शोधायचे असते. वर्गात मी हे करतो. गाडीच्या बाबतीत मात्र जो सुटा भाग सुचेल तो बदलत बसलो होतो.

उस्तादांनी विचारले, "ये कब से है? उसके पैले गाडी में क्या काम हुआ था?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाफ्टचा क्रॉस गेला होता. गिअर पडताना खालून टक्क असा आवाज यायचा. मजुरी वाचवायला आम्ही अंगणातच गाडी उचलून नवा क्रॉस घातला होता. एकमेकांत सरकणारे शाफ्टचे दोन दातेरी भाग जोडले होते ते मी. माझ्या या दोन हातांनी.

उस्तादांनी खाली सरकून चिखल पुसला आणि मला बॅटरी दाखवायला सांगितले. दोन्ही भागांवर एकेक बाण कोरलेला होता. ते समोरासमोर हवे होते, एकमेकांपासून बाजूला सरकलेले होते. शाफ्ट तिरका फिरतो, तेव्हा क्रॉसच्या पलीकडचा भाग एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. दुसरा क्रॉस तो झोल भरून काढतो, पण दोन्हींचे काटे एका रेषेत असतील तरच. मी ती रेष मोडली होती. गाडी भरली की पाटे दबतात, शाफ्टचा बाक कमी होतो, थरथरही कमी होते. म्हणून भाईजानला ती थोडी वाटायची आणि रिकाम्या गाडीत बसणाऱ्या अम्मीला पुरती जाणवायची. ती खरे सांगत होती.

त्या जोडाला इंग्रजीत हूकचे नाव आहे. सतराव्या शतकातला तोच रॉबर्ट हूक, ज्याने प्रथम पाहिलेला 'खलिया' मी दरवर्षी मुलांना शिकवतो. नंतर वाचले, त्याने भूकंपांवरही व्याख्याने दिली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये छापली गेली. किल्लारीच्या मास्तराला हे माहीत नसावे, याची लाज वाटली.

बाण जुळवले, झिजलेले सेंटर बेअरिंग बदलले. तासाभराचे काम. मजुरी देताना आम्ही मान वर केली नाही.

घरी येऊन मी अम्मीला सांगितले, चूक माझी होती. ती एवढेच म्हणाली, "मैं बोली थी ना."

भूकंप कधी येणार, हे आजही कुणी सांगू शकत नाही. बाण जुळवून थांबेल अशी ती थरथर नव्हे. पण आमची माणसे मेली ती भिंतीखाली, माळवदाखाली, आणि ती आपल्याच हातांनी रचलेली होती. हलत्या वस्तूला दोष देण्याआधी आपण काय आणि कसे जोडले, हे बघायला हवे. आणि ज्याला आधी जाणवते, त्याला भित्रा म्हणायला नको.

पुढच्या महिन्यात अम्मी पिकअपमध्ये बसली. हात समोर टेकूनच होती. औसा आल्यावर तिने हात काढले आणि पदराच्या गाठीतली सुपारी सोडली.