श्रद्धेची क्रियापदे

नेरूळच्या एखाद्या सेक्टरातील सदनिकेत असा प्रसंग सहज घडू शकतो. संशोधक प्रश्नावली उघडून विचारतो, ‘आपली देवावर श्रद्धा आहे का?’ घाटावरून मुलाकडे राहायला आलेली वृद्धा क्षणभर थांबते आणि सांगते, ‘औंदा वारी चुकली.’ कागदावर ‘होय’, ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ असे तीनच रकाने असतात. संशोधक ‘होय’वर खूण करतो, आणि म्हातारीने सांगितलेली गोष्ट तेवढी नोंदवायची राहून जाते.

मराठीत धर्म नामांपेक्षा क्रियापदांतून अधिक वावरतो. माळ घालतात, उपास धरतात, नवस बोलतात आणि फेडतात. वारी करतात, आणि ती चुकली की ते चुकणे वर्षभर सलत राहते. ‘श्रद्धा’ हा बहुधा अभ्यासकाचा शब्द. प्रत्यक्ष जगल्या जाणाऱ्या धर्माच्या अभ्यासासाठी दीर्घ मुलाखत, सहभागी निरीक्षण, जीवनकथन अशा गुणात्मक पद्धती वापरल्या जातात, त्यांमागील आग्रह हाच आहे: माणसाने आपल्या अनुभवाला दिलेले शब्द संशोधकाने घाईने आपल्या संज्ञांत ओतू नयेत.

ही दृष्टी मराठीला परकी नाही. इरावती कर्वे यांचा बर्लिनमधील प्रबंध मानवी कवटीच्या असममितीवर होता. पुढेही मानवमितीचे काम त्यांनी दीर्घकाळ केले. वारी समजून घेताना मात्र मोजमापे त्यांच्या उपयोगाची नव्हती. त्या दिंडीबरोबर चालल्या. ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा त्या चालण्याचा लेख १९६२ साली इंग्रजीतून एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत आला. म्हणजे मराठीत ललित म्हणून वाचलेले लेखन अन्यत्र मानवशास्त्र म्हणून वाचले गेले.

त्या लेखात सहप्रवासाचा आनंद आहे, तसेच एकाच दिंडीत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात याचे शल्यही आहे. रूढ वस्तुनिष्ठतेच्या कसोटीवर हे शल्य दोष ठरेल. परंतु भजनातील एकत्व आणि भोजनातील विभक्तपण ही दोन्ही सत्ये एकत्र दिसण्यासाठी जेवणाच्या वेळेपर्यंत थांबावे लागते, आणि आपण कोणत्या पंगतीतले हेही सांगावे लागते. निरीक्षकाची अस्वस्थता लपवली, तर तो कोठे उभा राहून पाहत होता हेच वाचकाला कळत नाही.

अर्थात, सोबत चालल्याने कोणी आपोआप प्रमाण ठरत नाही. स्वतःच्या गहिवराला वारकऱ्याचा अनुभव समजण्याचा धोका येथेच अधिक असतो. म्हणून दोन नोंदी स्वतंत्र ठेवाव्या लागतात: त्याचे शब्द आणि आपली खळबळ. पुढे त्या वारकऱ्याला आपला वृत्तांत वाचून दाखवावा, आणि ‘मला असे म्हणायचे नव्हते’ असे तो म्हणाला तर तेही नोंदवावे.

नेरूळच्या त्या सदनिकेत बरोबर चालण्यासारखी दिंडी नाही. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांच्या या नियोजित शहरात वारी अनेकदा न केलेल्या वारीच्या रूपानेच राहते. तेथे सहभागी निरीक्षण म्हणजे प्रश्नावली मिटून एवढेच विचारणे: ‘चुकली, म्हणजे काय झाले?’ आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहणे.